फड्यांचा हंगाम

दसरा उलटला की माझं डोकं फिरायला लागतं. यवतमाळच्या बाजारात दुकानांसमोर प्लास्टिकचे झाडू टांगले जातात, हिरवे, गुलाबी, मुठीवर लक्ष्मीचं चित्र चिकटवलेले, आणि नेमका त्याच सुमारास गावाहून मायचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, पोरं काय म्हणतात, यातलं काही नाही. "बेबी, रजा टाकली का?" एवढंच. मी चाळिशी ओलांडलेली बाई, दवाखान्यात नर्स आहे, चारचौघांत मला सिस्टर म्हणतात. पण मायच्या लेखी मी बेबी, आणि माझी रजा फड्यांसाठीच जन्माला आलेली.

फडा म्हणजे शिंदीच्या पानांचा झाडू. पुण्या-मुंबईकडे त्याला केरसुणी म्हणतात. आमच्या मारेगाव तालुक्यात फडाच. दिवाळीच्या आधी प्रत्येक घरात नवा फडा लागतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहतात, पाय लागला तर नमस्कार करतात, उभा ठेवत नाहीत, पाहुण्यांना दिसू देत नाहीत. बाकी वर्षभर तो कोपऱ्यात पडलेला असतो, पण त्या एका दिवसासाठी तो लक्ष्मी. आणि ही लक्ष्मी बांधणारी माझी माय पन्नासेक वर्षं लोकांच्या ओट्याखाली उभी राहिली. घरातली बाई आतून सांगायची, "ठेव तिथं, अन् सरक मांगं." माय फडा जमिनीवर ठेवायची, मागं सरकायची, मग ती बाई येऊन त्याच्यावर पाणी शिंपडायची आणि आत न्यायची. पाणी शिंपडलेली लक्ष्मी. मला लहानपणी वाटायचं, फडा धुळीचा असतो म्हणून शिंपडत असतील.

आमच्या घरात लक्ष्मीपूजन नाही. आज्यानं धम्म घेतला तेव्हाच देव्हारा उचलला गेला. गावकीची सगळी कामं त्यानं त्याच वर्षी टाकली, मेलेलं ढोर ओढणं टाकलं, दवंडी टाकली. फडे तेवढे राहिले, कारण ते बायका करत होत्या आणि बायकांना कोणी विचारलं नाही. आजही माय दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून नागपूरला जाऊन येते आणि आल्यावर पाय धुऊन अर्ध्या तालुक्याची लक्ष्मी बांधायला बसते. मी एकदा म्हटलं, "माय, तुले काही वाटत नाही?" तर म्हणाली, "वाट्टे ना. कंबर दुखते."

तर यंदाही फोन आला, यंदाही मी चिडले, यंदाही रजा टाकली. आणि रजेचा अर्ज लिहिताना नेहमीसारखा तोच हंगाम आठवला, माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले होते तो.

त्या वर्षी मी गावात उतरले ती आधीच वैतागून. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, सोयाबीन काढणीचा भुसा हवेत, मळणीयंत्राची घरघर चारही बाजूंनी. कापूस फुटायला लागला होता. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून गावापर्यंत नाल्याच्या काठानं चालत जावं लागतं. तो रस्ता मला डोळे मिटून येतो, कारण नाल्याच्या दोन्ही अंगांना शिंदी असायची. खरखरीत, अंगावर येणारी, वाऱ्यात पावसासारखा आवाज करणारी. त्या दिवशी मी वळणावर आले आणि मला वाटलं, चुकीच्या फाट्यावर उतरले. नाला रुंद, सरळ, कापून काढल्यासारखा. काठावर मुरमाचे ढीग. एकही शिंदी नाही.

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता मी मायला विचारलं, "शिंदी कुठी गेली?"

"जेसीबी आल्ती उन्हाळ्यात. नाला खोल केला. आता पाणी राह्यते म्हनतात."

"अन् तू मले सांगतलं नाही?"

"सांगून काय करनार व्हती? येऊन झाडं चिटकवनार व्हती?"

गावाला पाणी हवंच होतं. शेतकऱ्यांनी मागितलेलं काम होतं ते आणि चांगलंच काम होतं. फक्त नाल्याच्या काठावर जे उभं आहे ते कोणाच्या तरी पोटाचं आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. काटेरी झाडोरा म्हणून उपटून टाकला. शेजारची गयामावशी, जी मायच्या लग्नापासून मायसोबत फडे बांधते, ती जेसीबीच्या मागं मागं फिरत पडलेली पानं गोळा करत होती म्हणे. उन्हाळ्यात. डोक्यावर ओला दुपट्टा टाकून. चालवणारा ओरडला, "मावशी, मरशीन ना," तर मावशी म्हणाली, "तू हळू चालव ना मंग."

ती पानं पुरणार नव्हतीच. मग दोघी म्हाताऱ्या तालुकाभर शिंदी शोधत फिरल्या. शेवटी एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शिंदीची दाट जाळी सापडली. त्या जाळीत रानडुकरं बसायची आणि रात्री त्याचं पीक नासवायची, म्हणून त्याला ती काढूनच टाकायची होती. तो म्हणाला, पानं सगळी तुमची, पण झाडं बुडापासून तोडून द्या. म्हणजे या वर्षीचा हंगाम घ्या आणि पुढचे सगळे सोडा. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि विळे काढले. यात मायनं मला विचारलं नाही, दादाला विचारलं नाही, कोणालाच नाही. पुढच्या वर्षी काय करशील म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "पुढच्या वर्षी तू हायेस न इचाराले."

आमचं अंगण त्या वर्षी शिंदीनं भरून गेलं होतं. वाळायला घातलेली पानं हिरव्याची राखाडी होत जातात आणि तसा त्यांचा वासही बदलतो. आधी चिरलेल्या काकडीसारखा, मग पेंढ्यासारखा, आणि बांधायच्या आधी पाण्यात भिजवली की पहिल्या वासाची आठवण आल्यासारखा. भिजलेलं पान खिळे ठोकलेल्या फळीवरून ओढून विंचरायचं. एका पानाचे बारीक बारीक दोरे होतात. माय फळी मांडीखाली दाबून बसते आणि पान ओढते तेव्हा जो आवाज होतो, सर्रर्र, तो माझ्या लहानपणाचा आवाज आहे. आम्ही अभ्यास त्याच्यावर केला. दादाचं डीएड त्याच्यावर झालं, माझं नर्सिंग त्याच्यावर. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. एक गठाण पाठीवर आली आणि ते जे खाटेवर गेले ते फारसे उठलेच नाहीत. त्यांचं औषध, आमच्या वह्या, घराचे पत्रे, सगळं त्या सर्रर्रमधून आलं.

आणि म्हणूनच दादाचा राग मला आजपर्यंत नीट पकडता येत नाही. दादा गावातल्याच शाळेत मास्तर आहे. लोक त्याला गुरुजी म्हणतात, रस्त्यात थांबून नमस्कार करतात. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं पुस्तकातलं. त्याला अंगणातली शिंदी बघवत नाही. "आई, ज्यांनी आपल्याला हे सोडायला सांगितलं त्यांचा फोटो भिंतीवर आहे आणि त्याच भिंतीला टेकवून तू फडे रचतेस," असं तो म्हणतो. चूक काय आहे त्यात? काही नाही. ते काम आमच्या वाट्याला कोणी प्रेमानं दिलेलं नव्हतं. दादा चुकीचा असता तर किती सोपं होतं. मी कडाकडा भांडले असते. पण तो बरोबर आहे, मायही बरोबर आहे, आणि दोघांच्या मध्ये मी रजा टाकून बसलेली असते, बोटांना शिंदीचा चीक लावून.

त्या हंगामात मी येऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारी दादा शाळेतून आला, सायकल भिंतीला लावली आणि अंगणातच उभा राहून म्हणाला, "रविवारी पाहुणे येताहेत. वणीकडचे. प्राचीला पाहायला."

प्राची म्हणजे दादाची एकुलती एक पोर. तेव्हा नुकतं तिचं डीफार्म झालं होतं. मुलगा बँकेत होता, वडील निवृत्त अधिकारी, आपल्यातलेच, शिकलेले लोक. वहिनीचा चेहरा उजळला. मायनंही हातातला फडा खाली ठेवला आणि विचारलं, "पोरगा दारू-गिरू पेत नाही न?"

"आई, चांगले लोक आहेत ते," दादा म्हणाला. मग अंगणावरून नजर फिरवली. "रविवारच्या आधी हे सगळं उचलावं लागेल."

"उचलाले काय झालं," माय म्हणाली. "पन ओलं हाय. थप्पी मारली त सडन."

"सडू दे."

मी बोलायला तोंड उघडलं. दादाला विचारणार होते की सोमवारी पाहुणे गेल्यावर गावातली सगळी माणसं आंधळी होणार आहेत का, तुझी माय काय करते हे वणीला कोणी सांगणार नाही का. पण तेवढ्यात दारातून प्राची म्हणाली, अगदी हळू, "आजी, एकाच दिवसापुरतं. गयाआजीकडं नेऊ ना."

दादाचं "सडू दे" मायनं कानाआड केलं होतं. प्राचीचं हे हळू बोलणं मात्र तिला लागलं. मी पाहिलं. ती उठली, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि पानं उचलायला लागली. प्राची मदतीला धावली तर म्हणाली, "तुले टोचन. राहू दे." मी गेले तर मला काहीच म्हणाली नाही. गयामावशीच्या अंगणापर्यंत आम्ही कितीतरी खेपा केल्या. मावशी तिकडून विचारत होती, "काहून वं, घर पडून राह्यलं काय?" आणि माय उत्तर देत नव्हती. माय भांडते, टोमणे मारते, ते मला झेपतं. ती गप्प बसते तेव्हा मात्र मला अख्ख्या जगाचा राग येतो आणि तो काढायला जागा सापडत नाही.

रविवारी अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. बैठकीत नवीन चादर, भिंतीवरच्या फोटोला ताजा हार. मायला वहिनीनं आपली चांगली साडी नेसवली. साडीत ती पाहुणीच दिसत होती. दादानं तिला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली, दिसेल पण फार जवळ नाही अशी. तिच्या बोटांना मी स्वतः पट्ट्या बांधल्या होत्या. कोणी विचारलं तर शेतात काम करताना लागलं म्हणायचं, असं ठरलं होतं. माझं आणि दादाचं ठरलं होतं, मायला कोणी विचारलं नव्हतं.

पाहुणे आले. जयभीम झाला, पोहे झाले. मुलगा जरा बुजरा होता, वाईट नव्हता. प्राची चहाचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, पुढं शिकायचंय का, तिनं हो म्हटलं. सगळं छान चाललं होतं. मुलाची आई, गोरीपान, हसऱ्या तोंडाची बाई, मात्र सारखी मायकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, तुमाले कुठीतरी पाह्यलं मी."

"लग्नाकार्यात पाहिलं असेल," दादा पटकन म्हणाला.

"नाही नाही. लग्नात नाही." ती बाई आठवत होती, आणि आठवलं तसा तिचा चेहरा फुलला. "बाजारात! मारेगावच्या बाजारात! माझं माहेर मारेगावचं ना. दरसाली दिवाळीच्या आधी येतो आम्ही. मी तुमच्याकडूनच फडे नेते. लई बारीक विंचरलेले असतात, तसे वणीत भेटतच नाहीत." आणि नवऱ्याकडं वळून, "अहो, आपल्या घरचा फडा यांचाच आहे."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. बशीत ठेवताना आवाज झाला. त्या बाईलाही आपण काय बोललो हे तेव्हाच कळलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे इकडंतिकडं फिरायला लागले. दादा चादरीच्या फुलांकडं बघत होता. मला वाटलं, आता माय तरी काहीतरी सावरून घेईल.

माय म्हणाली, "व्हय. मले बी आठोते. तुमी दोन नेता आन् एक वरतून मांगता."

मी स्वयंपाकघरात पळाले. हसू आलं की रडू, आजही सांगता येत नाही.

पाहुणे गोड बोलून गेले. आणि तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा दादाला फोन आला. मुलगी पसंत आहे. मुलालाही, घरच्यांनाही. फक्त एकच म्हणणं आहे. आजींनी आता बाजारात बसू नये. वय झालं, शोभत नाही, उद्या नातेवाईक विचारतात. तेवढं बघा.

दादानं हे अंगणात सांगितलं. पानं परत आली होती, माय फडा बांधत होती. मूठ आवळताना शिंदीच्या पानाच्या पट्टीचं एक टोक ती दातात धरते, तसं धरलेलं होतं. दादा बोलायचा थांबला. तिनं टोक सोडलं आणि म्हणाली, "बरं."

"कायले बरं?" मी ओरडलेच. "ज्यांच्या घरी तुहा फडा हाय, ते सांगनार तुले कुठी बसाचं?"

"पोरीचं भलं हून राह्यलं त माह्या बसन्या-न बसन्यात काय हाय," माय म्हणाली. "आता लय झालं माहंबी."

"आई स्वतः म्हणते आहे ना," दादा म्हणाला.

"ती म्हणते! तिनं आजपर्यंत स्वतःसाठी काय म्हटलं ते सांग मला एक!"

"तू चार दिवस येतेस आणि आग लावून जातेस बेबी."

हे खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं. वहिनी मध्ये पडली, शेजारी ऐकतील म्हणाली. गयामावशी तर कुंपणाशी उभीच होती. मायनं हातातला अर्धा बांधलेला फडा तसाच खाली ठेवला आणि आत गेली. अर्धा बांधलेला फडा ठेवून तिला उठताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही. प्राची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळं तिच्याबद्दल चाललं होतं आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं. तो अर्धा फडा उचलून तिनं बाजूला नीट ठेवला, एवढंच.

पुढचे दिवस घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. दादा मध्यस्थाला फोन लावायचा आणि कळवतो कळवतो म्हणून ठेवायचा. माय फडे बांधत होती, पण गयामावशीच्या नावानं. "हे मावशीचे हायेत, मी नुस्ती हात लावून राह्यली." असली सोंगं तिला अजिबात जमत नाहीत.

दिवाळीच्या आधीचा मोठा बाजार आला. सकाळी मी उठले तर अंगणात प्राचीची स्कूटी उभी आणि तिच्यावर मागं-पुढं फड्यांची गाठोडी. प्राची हेल्मेट घालत होती.

"कुठी चालली?"

"बाजारात. येता का आत्या? एकटीनं गाठोडी सुटतील."

मी मायकडं पाहिलं. माय चुलीपुढं बसून आमच्याकडं पाठ केलेली. म्हणाली, "मी शब्द देल्ला. मी काही येत नाही." मग थोडं थांबून, "उभे नका ठेवू. वाकतात."

मारेगावच्या बाजारात मायची जागा ठरलेली आहे, भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी, चपला-बूट विकणाऱ्यांच्या आधी. आम्ही गोणपाट अंथरलं, फडे आडवे रचले. प्राचीनं जीन्स आणि कुर्ता घातला होता. तिला बघून लोक आधी पुढं जायचे, मग परत येऊन विचारायचे, "इथी बुढी बसाची, तिचेच हायेत का?" आणि मग सुरू. हा सैल आहे. हा जाड आहे. प्लास्टिकवाला वर्षभर टिकतो. दोनावर एक द्या. एका बाईनं फडा हातात घेऊन हुंगला, वाकवला, जमिनीवर झाडून पाहिला, आणि मग म्हणाली, लक्ष्मीचं आहे, घासाघीस करायची नसते, पण तरी कमी करा. पोरीच्या जागी मी असते तर फडा हिसकावून घेतला असता. प्राची म्हणाली, "काकू, लक्ष्मीलाच सांगा न कमी करायला." आणि वर फोन वाजत होता. मायचा. सारखा. सावली आली का. मोठे मागं ठेवा, बारके पुढं. पाणी प्याले का. ओळखीची कोणी आली तर सांगजो, बुढी बरी हाय म्हना. शब्द पाळून घरी बसलेली ती बाई त्या दिवशी बाजारात आमच्यापेक्षा जास्त हजर होती.

ऊन चढलं तेव्हा प्राचीनं फोन हातात घेतला, फड्यांची थप्पी मागं दिसेल असा स्वतःचा फोटो काढला. मला वाटलं मैत्रिणींना पाठवतेय. तिनं मला लिहिलेलं दाखवलं आणि मग पाठवलं. मुलाला. "आज मी बसले आहे. दरवर्षी बसेन. आता सांगा."

"अवं पोरी," माझ्या तोंडून निघालं.

"मीच म्हणाले होते न उचला म्हणून," ती म्हणाली. "एकदा उचललं तर थांबतच नाही आत्या. आज अंगण, उद्या बाजार, परवा आजी." आणि एका गिऱ्हाइकाकडं वळली.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. म्हणजे त्यानं वाचलं. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. प्राची आता पुसदला एका औषधाच्या दुकानात काम करते, खोली करून राहते आणि दसऱ्यानंतर तीही रजा टाकते. लग्नाचं विचारलं की म्हणते, होईल. दादा अजूनही कधीतरी म्हणतो, चांगलं स्थळ होतं. चांगलंच होतं कदाचित. मुलगा बुजरा होता, वाईट नव्हता. त्यानं एक ओळ तरी लिहायची होती. शिंदी आता मायला झरी जामणीकडून ऑटोत मागवावी लागते, जिथली पानं आखूड आणि ऑटोवाला तोंडाळ, आणि तरी ती मागवतेच. या सगळ्यात कोण जिंकलं असं मला विचारू नका. माझी कंबर आता तिच्यासारखी दुखायला लागली आहे.

पण त्या बाजाराचं थोडं राहिलं. फोटो कोणी कोणाला पाठवला देव जाणे, दुपारी दादा बाजारात आला. मी त्याला लांबूनच पाहिलं, गर्दीतून सायकल ढकलत येताना. इस्त्रीच्या सदऱ्याला घामाचे डाग. चेहरा असा की प्राचीच्या दंडाला धरून उठवणार. मी उठून मध्ये उभी राहिले. चार शब्द तयार केले होते, तेही जोरात म्हणायचे. प्राची बसूनच राहिली, फक्त तिचे हात थांबले.

दादानं सायकल स्टँडवर लावली. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक माणूस, त्याच्या शाळेतल्या कोण्या पोराचा बाप, खांद्यावर भाजीची पिशवी, हात जोडून म्हणाला, "नमस्कार गुरुजी! तुमी कसे इकडं? फडे घ्याले आले काय?"

दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग आमच्याकडं. मग फड्यांकडं. बाजूला चपलावाला ओरडत होता, भाजीवाली पाणी शिंपडत होती, आणि माझा भाऊ, सेहेचाळीस वर्षांचा माणूस, वर्गात कविता विसरलेल्या पोरासारखा उभा होता.

"माझी माय बसते इथं," तो म्हणाला. "आज तिची तब्येत बरी नाही. म्हणून पोरगी बसली."

तब्येत. माय घरी ठणठणीत होती, आत्ताच फोनवर मला रागावली होती. अर्धं खरं बोलतानासुद्धा त्याला अर्धं खोटं लागतंच. मला पुन्हा त्याचा राग आला, आणि तो माणूस मात्र सहज म्हणाला, "हो का? पाहाले आलो असतो. बुढीला सांगजा, मी इचारलं म्हून. दोन द्या गुरुजी, चांगले पाहून." आणि त्यानं मोठी नोट दादासमोर धरली.

दादानं ती नोट घेतली आणि तिचं काय करायचं हे न कळून तशीच हातात धरून उभा राहिला.

प्राचीनं वर न बघता दोन फडे काढले, एकावर एक ठेवून सुतळीनं बांधले.

"बाबा," ती म्हणाली, "सुट्टे आहेत का?"

आणि दादा एका हातानं खिसे चाचपायला लागला.